बँकेच्या ओट्याला पायऱ्या

बा, तू ज्या चौकात मेलास त्याच चौकात मी आता बँकेची इमारत उभी करते आहे. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी मीच उरले आहे. माय तुझ्याशी बोलत नाही. तू होतास तेव्हाही फारशी बोलत नव्हती. आर्वीचा तो चौक तू सोडून गेलास तसा राहिलेला नाही. समोरच्या कापडाच्या दुकानाला निळी काच लागली, भांडेवाल्याने पुढचे सागवानी खांब उपटून लोखंडी शटर बसवलं, आणि बैलांच्या बंड्या सोडायच्या तिथे मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या असतात. पण आकार तोच आहे. देवळाकडे ऐसपैस, आणि बँकेच्या कोपऱ्याकडे येता येता दोन्ही बाजूंनी आवळत गेलेला. उतारही तिकडेच. पहिल्या दिवशी मोजमापाला गेले तर टेप धरणारा माणूस नेमका त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मी त्याच्यावर इतकी खेकसले की चहावाल्याने भांड्यातलं ढवळणं थांबवलं. त्या माणसाची काही चूक नव्हती. मी तिथे कुणालाही उभं राहू दिलं नसतं.

तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की वडील पोळ्यात बैलांच्या पायाखाली गेले. लोक हळहळतात. शेतकरी माणूस, सणाच्या दिवशी गेला, म्हणतात. मग मला पुढचं सांगावंसं वाटत नाही. तू हळहळण्यासारखा माणूस नव्हतास. आपल्या घरी संध्याकाळी तुझी बंडी वळणावर आली की माय चुलीपुढची जागा बदलायची; भिंतीला पाठ लावून बसायची, म्हणजे मागून काही येणार नाही. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही, मला मात्र तिच्या पाठीवरून कळायचं की आज तू कसा आला आहेस. एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून तू तापलेला तवा फेकलास. तो तिला लागला नाही, दंडाला घासून गेला, आणि मागच्या मडक्यांच्या उतरंडीवर आदळला. सगळं तिखट, हळद, डाळ जमिनीवर. तू त्यातूनच चालत बाहेर गेलास आणि दारातून म्हणालास, "झाडून घे." ती दंड पाण्यात बुडवून बसली आणि मी झाडलं. डाळीतलं तिखट निवडता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी आपण तीच डाळ खाल्ली आणि तू म्हणालास, आज चव आहे.

मलाही मारलंस तू, पण कमी. पोळ्याआधी घर चुन्याने पांढरं केलं होतं आणि मी कोळशाने ओसरीच्या भिंतीवर एक घर काढलं, दुमजली, चार खिडक्यांचं, वर कळस. तू बैलाचा कासरा घेऊन आलास आणि पोटऱ्या सोलून काढल्यास. रात्रभर चुरचुरत होतं. सकाळी मी तोंड धुवायला उठले तर तू त्या भिंतीपुढे उकिडवा बसला होतास. दातात कडुनिंबाची काडी, आणि डोळे माझ्या घरावर. मला वाटलं आता पुन्हा. तू मागे न पाहता विचारलंस, "दार कुठं हाये याले?" मी हातातला तांब्या खाली ठेवला. "चार खिडक्या काढल्या, कळस काढला, अन् दार नाई. माणूस निघन कुठून?" मग उठून भिंत पुसलीस. पुढे नागपूरच्या कॉलेजात मला मोठे मोठे लोक शिकवायला होते, त्यांच्यातल्या कुणीही याहून कामाचा प्रश्न विचारला नाही. आणि हे सांगताना पोटऱ्या आठवतात याचाही मला राग येतो.

एक गोष्ट तुझ्या बाजूची. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन चौकात जायची, पोरींना कुणी नेत नसे. तू बंडीच्या मोडक्या साट्याचं, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांचं, सागवान घेऊन ओसरीवर बसलास आणि मला बैल कोरून दिलास. चाकं, शिंगांना लाल गोंडे, अगदी वशिंडसुद्धा. तासताना तुझी जीभ दातांत धरलेली असायची. खांद्यावर बसवून चौकात नेलंस. ओळीतला कुणी एक म्हणाला की पोरीचं काय काम, तर तू मला खाली न ठेवताच त्याच्या कानफटात मारलीस. मी वर बसले होते, झटका माझ्या मांड्यांपर्यंत आला. मला बक्षिसाचा पेरू मिळाला. मी तो तुझ्याच खांद्यावर बसून खाल्ला आणि मला तू खूप आवडलास. हे मी लपवत नाही.

आता त्या दिवसाकडे येते. आपल्या जोडीला पहिला मान होता, तुझ्या आजापासून. तोरणाखालून आधी आपले बैल निघायचे, मग पोळा फुटायचा, म्हणजे बाकीच्या जोड्या सुटायच्या. त्या वर्षी उन्हाळ्यात तुझा डावा बैल साप चावून गेला आणि तू हिंगणघाटच्या बाजारातून त्याच्या जागी दुसरा आणलास. जातिवंत होता, पण घरचा नव्हता. गावात आधीपासूनच कुजबुज होती की मान घरच्या गोठ्यात जन्मलेल्या जोडीला असतो, विकतच्याला नाही. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. आदल्या दिवशी तू बैलांचे खांदे शेकलेस, लोणी-हळद लावलीस, आणि नव्या बैलाच्या कानाशी लागून बराच वेळ काही बोललास. मायशी तू कधी एवढं बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

चौक गच्च भरला आहे. पाऊस नुकताच थांबलाय, फरसबंदी दगड ओले आहेत. आंब्याच्या पानांचं तोरण बँकेच्या सज्ज्याच्या शेवटच्या खांबापासून समोरच्या दुकानापर्यंत ताणलेलं आहे. खांबाला लोखंडी कडी आहे, दोर तिथे बांधतात. मी आणि माय बाकी बायकांबरोबर बँकेच्या ओट्यावर, सगळ्यात पुढे, कोपऱ्यावर. झडत्या, पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणं चाललंय, लोक हसताहेत. तू जोडी घेऊन पुढे आलास आणि तो आडवा आला. तो म्हणजे किराण्याच्या दुकानवाल्यांचा थोरला पोरगा, ज्यांची शेतीही होती आणि जोडीही. नुकतीच मिशी फुटलेली. मोठ्याने म्हणाला, "विकतच्या बैलाले मान कायचा? उद्या बाजारातून बाप विकत आणान अन् म्हणान पाया पडा." लोक खदखदून हसले. तुझ्या हातात तुतारी होती, बैलाला टोचायची, टोकाला खिळा असलेली. तू ती उलटी धरायला हवी होतीस. सरळच मारलीस.

तो आवाज मला आजही ऐकू येतो, कापडात सुई घुसल्यासारखा बारीक. मग त्याचं ओरडणं. त्याचे भाऊ तुझ्यावर तुटून पडले, आपल्याकडचे त्यांच्यावर. काठ्या, कासरे, घुंगरमाळा, जे हाताला येईल ते. कुणाचं तरी डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं आणि माझ्या फ्रॉकवर रक्त उडालं. कुणी दोराला लोंबकळलं, खांब कडाडला, तोरण खाली आलं, आणि बैल सुटले. सगळे एकदम. मागच्यांना वाटलं पोळा फुटला, त्यांनी आणखी हाकलले. उतार आमच्याकडे, चौकही आमच्याकडेच आवळत आलेला. जे देवळाकडे होते ते पांगले. जे कोपऱ्यात होते त्यांना भिंत आणि ओटा. मी तुला येताना पाहिलं, फेटा सुटलेला, तोंड रक्ताने भरलेलं, आणि मागे शिंगं. मग मायने माझं तोंड आपल्या पोटात दाबून धरलं. पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. लोक बाजूला झाले तेव्हा तू ओट्याला टेकून बसलेला होतास, छाती आत गेलेली, डोळे उघडे. हिंगणघाटचा बैल तुझ्यापाशीच उभा होता.

त्यानंतर पोळा चौकात भरला नाही, गावाबाहेरच्या मैदानावर गेला. त्या पोराचा डोळा गेला. मायने माझी शाळा वर्ध्याला केली, स्वतः तिथल्या वसतिगृहात स्वयंपाकाला राहिली. मी शिकत गेले आणि माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का होत गेला: तुला बैलांनी नाही मारलं, ओट्याने मारलं. जुन्या बाजारातले ओटे बंडीच्या साट्याच्या उंचीचे बांधत, म्हणजे कापसाची पोती न उचलता आत सरकवता येतात. कोपऱ्यावर जमीन उतरलेली, त्यामुळे तिथे तो ओटा माणसाच्या गळ्याशी यायचा. चढायला एकच वाट, बाजूच्या बोळातून. कॉलेजात मी तो ओटा कागदावर किती वेळा काढला असेल. प्रत्येक वेळी शेवटी त्याला पायऱ्या जोडायची, आणि तू त्यांवरून चढून वर यायचास.

म्हणून बँकेने नवीन इमारतीसाठी आराखडे मागवले तेव्हा मी जिवाच्या आकांताने काम केलं. बँक गावातल्याच लोकांची, सहकारी. भाजीवाल्यांपासून अडत्यांपर्यंत सगळे सभासद. बँक होती ती जुनी पेढी पार खिळखिळी झाली होती, नगरपालिकेची नोटीस लागलेली. माझा आराखडा निवडला गेला आणि मी अध्यक्षांना भेटायला गेले. काळा चष्मा लावलेला, केस पिकलेला माणूस खुर्चीतून उठला नाही. "तू त्याची पोरगी नं?" म्हणाला. मी म्हटलं, हो. "मंग चौक तुले समजून सांगा लागत नाई." बा, तोच होता. किराणावाल्यांचा थोरला. तू आंधळा केलेल्या डोळ्यावर काळी काच लावून तो माझे कागद दुसऱ्या डोळ्याजवळ नेऊन पाहत होता, आणि मी पुढ्यात उभी राहून त्याला जिना समजावून सांगत होते.

आराखडा चांगला झाला होता, हे मी आढ्यतेने सांगते. गावातल्या नव्या बँका काचेच्या आणि चकचकीत पत्र्याच्या डब्यात बसतात, उन्हाळ्यात आत भट्टी आणि बाहेर डोळे दिपतात. मी दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांच्या पागोळीची रेघ पकडून माझं छप्पर त्याच रेघेत ठेवलं. जुने सागवानी खांब काढून, तासून, पुन्हा पुढे लावायचे. मधे उघडा चौक, म्हणजे काउंटरवर बसलेल्यांना दिवसा दिवा लागणार नाही. तिजोरीची खोली मागे. आणि पुढे ओट्याच्या जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपरा वळून बोळापर्यंत, सलग पायऱ्या. कुठूनही, कुणालाही, धावत वर येता येईल अशा. एका बाजूला उतरण, म्हाताऱ्या माणसांसाठी. या पायऱ्यांनी बँकेची पुढची बरीचशी जागा खाल्ली, एटीएमची खोली आत ढकलावी लागली. बाकी सगळ्याला संचालकांनी माना डोलावल्या. पायऱ्यांवर आले की अध्यक्ष म्हणायचा, पुढच्या बैठकीत पाहू.

जुनी पेढी पाडायची वेळ आली तेव्हा मी सकाळपासून तिथेच होते. वरचा मजला मजुरांनी उतरवला, खांब सुटे केले. राहिला ओटा. जेसीबीवाल्याने दात लावले, दगड हलेना. चुन्यात बसवलेला, मुळापासून धरून बसलेला. मला काय झालं कोण जाणे, मी मुकादमाच्या हातातून घण ओढून घेतला आणि कोपऱ्यावर उतरले. पहिला घाव हाताला झिणझिण्या आणून गेला. दुसऱ्याला दगडाची कड उडाली आणि माझ्या गालाला चाटून गेली. मग मी थांबले नाही. मजूर बाजूला झाले, दुकानदार बाहेर आले, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मी शिव्या देत होते, आणि त्या तुझ्याच शिव्या होत्या, तुझ्याच सुरात. मला त्या येतात हे मलाच माहीत नव्हतं. दगड फुटला तेव्हा तळहाताची सालं निघाली होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी रस्त्यातच बसून हसले.

पुढच्या बैठकीत मी मॉडेल नेलं, पुठ्ठ्याचं, सगळ्या चौकासकट. अध्यक्षाने सांगून टाकलं की उद्घाटन पोळ्याच्या दिवशी करायचं, पोळा चौकात परत आणायचा, आणि इमारतीला तोरणाची कडी पक्की बसवायची. एवढं म्हणायचा अवकाश, एका संचालकाने विचारलं की मग पहिला मान कुणाचा. दुसरा म्हणाला, "तुमच्या इकडं आता बैल तरी हायेत का? का ट्रॅक्टरले झूल घालून आणान?" त्याच्या तोंडावर पाण्याचा ग्लास बसला. मग खुर्च्या उचलल्या गेल्या. पांढरे कपडे घातलेली, नातवंडं असलेली माणसं टेबलावरून एकमेकांच्या गळ्याला भिडली. एकाच्या नाकातून रक्त आलं ते थेट माझ्या नकाशांवर. कुठूनशी आलेली स्टीलची ताटली माझ्या भुवईवर लागली. शिपायाने आणि मी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि खोलीत मी, अध्यक्ष आणि मोडलेल्या खुर्च्या राहिलो.

"पाह्यलं?" मी म्हटलं. माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं. "म्हून पायऱ्या पायजे." त्याने मॉडेल आपल्याकडे ओढलं आणि बोटांनी चाचपलं. "पायऱ्यावर भाजीवाल्या बसतीन, कुत्रे झोपतीन. बँक हाये का बाजार? ओटा होता तेवढाच उंच ठेव, ग्रॅनाइट लाव, रेलिंग लाव." आणि माझ्यादेखत त्याने अंगठ्याने पायऱ्या उखडल्या. कटकट करत सगळी पट्टी निघाली. ती चिकटवायला मला आठवडा लागला होता. टेबलावर पुठ्ठा कापायचं ब्लेड होतं. ते माझ्या मुठीत कधी आलं मला कळलं नाही. मी त्याची मान खुर्चीला दाबली होती, चष्मा खाली पडला होता, आणि ब्लेडचं टोक त्याच्या चांगल्या डोळ्याखाली होतं. दुसरा डोळा म्हणजे नुसती शिवलेली कातडी. तो हलला नाही. श्वास मात्र जोरात चालला होता.

"घे," तो म्हणाला. "एक तुह्या बापानं नेला, हा तेवढा राह्यला."

"ओटा उंच होता म्हून माहा बाप मेला," मी ओरडले.

"ओटा उंच होता, खरं. पण तुहा बापही उंच होता. त्याचा हात पोचला होता वर." तो अगदी हळू बोलत होता, ब्लेड लागू नये म्हणून. "मले भावानं ओट्यावर ओढून घेतलं होतं. मी तथीच पडून होतो, या एका डोयानं पाहून राह्यलो होतो. मलेही कोणीतरी वर घेतलं म्हून मी जगलो. त्यालेही घेता येत होतं. वरून घेणारं माणूस होतं ना तथी."

"कोण?"

"तुही माय. त्यानं हात वर केला, तिच्या पायापाशी. अन् तिनं पाय मांगं घेतला."

मी ब्लेड खाली ठेवलं. मी त्याला विचारलं, मग तुम्ही काऊन नाही दिला हात. "माहे दोन्ही हात डोयावर होते," तो म्हणाला. "अन् खोटं कायले बोलू, रिकामे असते तरी देले नसते." मी विचारलं की इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं का. त्याने वाकून चष्मा शोधला, पुसला, लावला. "नाई सांगतलं. कायले सांगू? तिले घरी काय भोगा लागे, ते साऱ्या चौकाले माईत होतं." मग माझ्या भुवईकडे बोट दाखवून म्हणाला, टाके घालून घेजो.

टाके घालून मी वर्ध्याची एसटी धरली. मी तुझ्या बाजूने भडकले होते, हे तुला आवडलं असतं. सगळ्या रस्त्याने मी मायला काय काय बोलायचं ते जुळवत होते. किती वर्षं मी एका दगडाला दोष देत आले, कागदावर पायऱ्या काढत आले, आणि ही बाई गप्प बसून माझ्यासाठी डबा भरत होती. घरी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. माझी पट्टी पाहून म्हणाली, "कोणाशी भांडून आली?" मी उभ्यानेच विचारलं, "त्या दिवशी बानं तुह्याकडं हात वर केला होता काय?"

तिने शेंग सोलणं थांबवलं नाही. "केला होता," म्हणाली.

"अन् तू पाय मांगं घेतला."

"घेतला." दाणे वाटीत पडत राहिले. मी अंगावर धावून जायच्या बेतात होते, बा, खरं सांगते. मग ती म्हणाली, "हात वर आला, मले वाटलं माराले आला." आणि तितक्याच साध्या आवाजात: "मी नाई सरकली. आंग सरकलं. समजलं तवा उशीर झाला होता."

मी खाली बसले. मी तुझ्यावर चिडावं की तिच्यावर, की बैलावर, की त्या किराणावाल्याच्या पोराने केलेल्या विनोदावर, काही समजेना. मला रडू आलं ते तुझ्यासाठी होतं. तू पहिल्यांदाच काही मागायला हात वर केला असशील, आणि तुझा तो हात तिला फक्त एकाच कामाचा माहीत होता. तू तो तसाच शिकवला होतास. तिच्या केसांत शेंगेचं वाळलेलं टरफल अडकलं होतं. मी ते काढायला हात पुढे केला आणि ती मागे सरकली. डोकं भिंतीला लागलं तिचं. मग स्वतःशीच हसली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आठवड्याने मी बँकेत गेले. अध्यक्षाने मॉडेलच्या पायऱ्या स्वतः गोंदाने चिकटवून ठेवल्या होत्या, वाकड्यातिकड्या. "एका डोयानं एवढंच जमते," म्हणाला. पायऱ्या मंजूर झाल्या. तोरणाची कडी मी बँकेला दिली नाही. तोरण चौकाच्या रुंद टोकाला, देवळापुढे बांधा म्हटलं, म्हणजे बैल सुटले तरी मोकळ्या बाजूने जातील. त्यावर पुन्हा भांडण होईल, मान कुणाचा हे तर ठरायचंच आहे. होऊ दे. पायऱ्यांचं दगडकाम संपत आलंय. परवा दोन भाजीवाल्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या आणि अध्यक्ष त्यांच्यावर ओरडत होता, त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या पायऱ्या मी तुझ्यासाठी म्हणून काढल्या होत्या. आता तसं म्हणवत नाही. वर यायला कुणापुढेही हात करावा लागू नये, एवढ्यासाठी त्या राहू देत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तू ते वाचून पाय मागे घेतल्याचं तेवढं ध्यानात ठेवलं असतंस आणि मायला जाब विचारायला घरी आला असतास. ती थकली आहे, तिला आता कुणी काही विचारू नये. एक कबूल करते आणि थांबते: हल्ली मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ जाते तेव्हा दोन्ही हात खाली, तिला दिसतील असे ठेवून जाते.